चोवीस पिनांचा पॉवर सप्लाय

बहारीनच्या माहूज भागातल्या तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये, शुक्रवारी सकाळी, दशरथ वानखडे यांनी कॉम्प्युटरचं बटण सात वेळा दाबलं. पहिल्या तीन वेळा बोटाने, चौथ्यांदा अंगठ्याने, पुढे दोनदा प्लग काढून-घालून, आणि सातव्यांदा "चालू हो ना बापा" अशी तोंडी विनंती करून. कॉम्प्युटरने यातल्या एकाही प्रकाराची दखल घेतली नाही. दिवा लागला नाही, पंखा फिरला नाही. वानखडे खुर्चीत मागे टेकले. त्यांच्या चेहऱ्यावर जी अवकळा उतरली ती पाहून तिऱ्हाइताला वाटलं असतं, गावाहून काही वाईट बातमी आली.

खरं म्हणजे तो कॉम्प्युटर शोक करण्याच्या लायकीचा नव्हता. कंपनीने जुनी यंत्रं भंगारात काढली तेव्हा त्यांनी तो निवडून आणला होता. जाडजूड वहीएवढा सडपातळ, काळा, आणि चालू झाला की पिठाच्या गिरणीची आठवण करून देणारा. त्यांची मुलगी श्रावस्ती अकरावीत होती. ती त्याला 'फॉसिल' म्हणायची आणि शाळेने दिलेल्या टॅबवर आपलं काम करायची. बायको, अंजना, त्यावर इस्त्रीचे कपडे ठेवायची. गेलं वर्षभर घरात त्याचा एवढाच उपयोग होता.

पण त्या शुक्रवारी वानखड्यांच्या पँटच्या खिशात एक पत्र होतं, आणि ते घरात कुणालाही माहीत नव्हतं.

मीना सलमान बंदराच्या गोदीजवळ जहाजदुरुस्तीचं एक मोठं वर्कशॉप आहे. तिथे वानखडे इलेक्ट्रिकल फोरमन. एकवीस वर्षं झाली. जहाजाच्या इंजिन-रूममधला पॅनल उघडला की वासावरून सांगतात, कुठला कॉन्टॅक्टर जळालाय. अशा माणसाला कंपनीने लिहून कळवलं होतं की पन्नाशीपुढच्या सर्व तांत्रिक कर्मचाऱ्यांनी 'विद्युत सुरक्षा' या विषयाची ऑनलाइन परीक्षा द्यायची आहे. सत्तावीस तारीख, शनिवार, दुपारी चार. आपापल्या घरून, कॅमेऱ्यासमोर, खोलीत एकट्याने. मोबाइल किंवा टॅब चालणार नाही. एकच संधी. निकालावर करार वाढवायचा की नाही ते ठरेल. करार नाही म्हणजे व्हिसा नाही, आणि व्हिसा नाही म्हणजे काय, ते माहूजमध्ये शेंबड्या पोरालाही कळतं.

पत्र देणारा एचआरमधला सलील त्यांच्या निम्म्या वयाचा. म्हणाला, "वानखडे सर, फॉर्मॅलिटी आहे हो. तुम्ही तर डोळे मिटून द्याल."

"डोळे उघडे ठेवून कॅमेऱ्यात बघायचं, असं लिहिलंय इथं," वानखडे म्हणाले.

सलील हसला. एचआरची माणसं हसली की आपण घाबरावं, एवढं व्यवहारज्ञान वानखड्यांना होतं.

घरी सांगायचं काय? ज्या माणसाच्या हाताखालून चाळीस वायरमन शिकून गेले, त्याला आता विजेबद्दल काय येतं ते कॅमेऱ्यासमोर सिद्ध करायचंय, हे बायकोला कुठल्या तोंडाने सांगायचं? पोरीला तर नाहीच नाही. त्यांनी ठरवलं, गुपचूप परीक्षा द्यायची, पास व्हायचं आणि पत्र फाडून टाकायचं. त्या बेतातली पहिलीच पायरी, म्हणजे कॉम्प्युटर चालू करणे, अशी ढासळली.

मग त्यांनी स्क्रू-ड्रायव्हर काढला आणि जेवणाच्या टेबलावर कॉम्प्युटर उघडून मीटर लावला. पाच मिनिटांत निदान झालं: पॉवर सप्लाय गेला. भिंतीतला करंट घेऊन कॉम्प्युटरच्या मुख्य पाटीला, म्हणजे मदरबोर्डला, लागेल तसा बारीक करून देणारा डबा. निदान शंभर टक्के बरोबर होतं. पुढे जे झालं त्यातली ही एकमेव बरोबर गोष्ट, म्हणून इथे नोंदवून ठेवतो.

"बाबा, जस्ट बाय अ लॅपटॉप," श्रावस्ती टॅबवरून मान न उचलता म्हणाली.

"वस्तू दुरुस्त होत असेल तर टाकायची नसते."

"बट व्हाय नाऊ? यू नेव्हर यूज इट."

प्रश्न चोख होता. वानखडे स्क्रू मोजायला लागले.

*

आता दुकानात जाऊन 'याला बसेल असा द्या' म्हणणं सोपं होतं. पण फोरमन माणूस मागणी अशी करत नाही. तो आधी लोड काढतो. वानखड्यांनी कागद घेतला. प्रोसेसर पासष्ट वॅट, डिस्क दहा, पंखा पाच, पाटी आणि किरकोळ मिळून चाळीस. बेरीज एकशेवीस. इथे थांबले असते तर बरं झालं असतं. पण मोटर सुरू होताना सहापट करंट ओढते, हे त्यांच्या हाडात मुरलेलं. एकशेवीस गुणिले सहा, सातशेवीस. बाजारात त्याच्या वरचं माप साडेसातशेचं. कॉम्प्युटर म्हणजे पाण्याचा पंप नव्हे, हे त्यांना माहीत नव्हतं असं नाही. पण हाडाला कोण सांगणार?

मनामा शहरातल्या कॉम्प्युटरच्या दुकानात केरळी सेल्समनने साडेसातशे ऐकून भुवया उंचावल्या. "सर, गेमिंग के लिए?"

"घर के लिए."

"मदरबोर्ड का मॉडेल नंबर क्या है?"

वानखड्यांना हा प्रश्न लागला. केमिस्टने डॉक्टरला विचारावं, नक्की कुठे दुखतंय, तसा. "हम जहाज का मेन पॅनल बनाता है," ते म्हणाले. "बारा व्होल्ट तो बारा व्होल्ट होता है. प्लग का क्या है, वो हम देख लेगा."

सेल्समनने निमूट डबा पॅक केला. ज्या गिऱ्हाइकाला सगळं येतं त्याच्याशी वाद घालायचा नाही, हे त्या धंद्यात पहिल्या आठवड्यात शिकवत असावेत.

घरी आल्यावर दोन शोध लागले. पहिला, नवा सप्लाय कॉम्प्युटरच्या पेटीत मावत नव्हता. तो जवळपास पेटीएवढाच होता. दुसरा जास्त गंभीर. सप्लायमधून आलेल्या जाड वेणीच्या टोकाला चोवीस पिनांचा प्लग होता, आणि मदरबोर्डावर त्यासाठी भोकं होती सहा. वानखड्यांनी चष्मा पुसून पुन्हा मोजली. सहाच.

इथे दुसऱ्या कुठल्याही माणसाने डबा पिशवीत घालून दुकान गाठलं असतं. पण वर्कशॉपमध्ये प्लगला कुणी भाव देत नाही. जहाज कुठल्या देशाचं, यंत्र कुठल्या कंपनीचं, याचा मेळ कधीच बसत नसतो. तिथे पहिलं काम म्हणजे टोक कापणं; मग लग, म्हणजे वायरीच्या टोकाला दाबायच्या धातूच्या टोप्या, लावायचे, स्क्रू पिळायचे, पुढे चला. वानखड्यांनी कटर उचलला आणि एका दाबात चोवीस पिनांचा प्लग वेणीपासून वेगळा केला. 'कच्च' असा आवाज आला. तो आवाज दुकानाच्या 'सात दिवसांत परत' या अटीचा होता.

कापून झाल्यावर त्यांच्या लक्षात आलं की नारिंगी वायरीत तीन व्होल्ट, लालमध्ये पाच, पिवळीत बारा, आणि समोरच्या सहा भोकांत कुठे काय मागितलंय हे कुठेही लिहिलेलं नाही. अंदाजाने जोडलं तर पाटी जळणार. तिथे मात्र ते थांबले. अंदाजाने कधीच काही जोडायचं नाही, हे तत्त्व त्यांनी मोडलं नाही. फक्त ते तत्त्व आठवायला कटरएवढा उशीर झाला.

अंजना पोळ्यांचा डबा घेऊन आली आणि टेबलाकडे पाहत उभी राहिली. "काहाले उचकून ठेवलं ते? जेवाले जागा नाही राह्यली."

"दोन दिवसांत होतं."

"चांगली नवी वस्तू आणली अन् कापली. मले तं काही समजत नाही बाई."

दोन आठवडे वानखडे कुटुंब पलंगावर पेपर पसरून जेवलं.

*

वरच्या मजल्यावर समाधान राहतो. नांदेडचा, तिशीचा, जुफैरमधल्या एका ऑफिसात कॉम्प्युटरचीच कामं पाहतो. खरं तर वानखड्यांनी पहिल्याच दिवशी वीस पायऱ्या चढायच्या होत्या. पण समाधान बहारीनला आला तेव्हा त्याला सिमकार्ड कुठे मिळतं इथपासून वानखड्यांनीच शिकवलं होतं. त्याच्याकडे आपण शिकायला जाणं हे उलट्या जिन्याने चढण्यासारखं. शेवटी अंजनाने इडल्या पोचवायला म्हणून जाऊन त्याला खाली आणलं.

समाधानने पेटीत डोकावलं, मग कापलेल्या वेणीकडे पाहिलं. आजाऱ्याला पाहून आलेला माणूस नातेवाइकांसमोर चेहरा करतो तसा चेहरा केला.

"काका, हा कंपनीचा स्वतःचा बोर्ड आहे. यांचे सॉकेट वेगळे असतात. आधी मॉडेल नंबर बघायचा, मग कनेक्टर, मग साइज. वॅट सगळ्यात शेवटी."

"म्हणजे मी उलटीकडून सुरू केलं."

"तसं नाही म्हणत मी, काका." पण तसंच म्हणत होता. "आणि वॅट एवढे का घेतले?"

"स्टार्टिंग करंट."

समाधान मान खाली घालून डबा न्याहाळू लागला. त्या न्याहाळण्यात आदर किती आणि हसू किती, याचा हिशोब वानखड्यांनी मनात मांडला. बाकी त्यांच्या बाजूने नव्हती. "माझा लॅपटॉप घेऊन जा ना," तो म्हणाला. "किती दिवस पाहिजे? कशासाठी पाहिजे?"

पहिला प्रश्न सोपा होता. दुसऱ्यासाठी वानखडे "नको नको" म्हणाले.

समाधान भला मुलगा, पण नव्या पिढीचा. त्याने मदत म्हणून कापलेल्या वेणीचा फोटो इथल्या धम्म-परिवाराच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला: 'वानखडे काकांना चोवीस ते सहा पिन ॲडॉप्टर हवा आहे.' संध्याकाळपर्यंत एक्केचाळीस उत्तरं आली. एकाने लिहिलं, विंडोज पुन्हा टाका. दुसऱ्याने, कॉम्प्युटरची दिशा बदलून बघा, ऊन लागत असेल. तिसऱ्याने नुसतेच जोडलेले हात. प्रज्योत म्हणून एक बँकेत आहे, त्याने जुन्या वस्तूंमधल्या भावनिक गुंतवणुकीवर चार परिच्छेद लिहिले. आणि एका ताईंनी विचारलं, 'कुणी कापलं हे? लहान मूल आहे का घरात?' त्याखाली हसणारे अकरा चेहरे होते. वानखड्यांनी ते अकराही उघडून कुणाकुणाचे ते पाहून ठेवलं.

ॲडॉप्टर मात्र अस्तित्वात होता. एका टोकाला चोवीस, दुसऱ्या टोकाला सहा, मध्ये एक छोटी डबी. समाधानने मॉडेल नंबर दोनदा तपासून तो परदेशातून मागवला. नऊ दिवस, असं लिहून आलं. सत्तावीस तारखेला अजून चौदा दिवस होते. वर्कशॉपमध्ये त्या आठवड्यात दोन फिटरांनी करार संपल्यामुळे गावी जायला कार्टनं बांधली. निरोप समारंभाला समोसे होते. वानखड्यांना समोसा गेला नाही.

*

पार्सल दहाव्या दिवशी आलं, पण घरी नाही. कुरियरवाल्यांचा मेसेज आला: ओळखपत्र घेऊन काउंटरवर या. काउंटरवरच्या माणसाने कार्ड मशीनमध्ये घातलं आणि मान हलवली.

"तुमच्या कार्डावर ब्लॉक वेगळा, पार्सलवर वेगळा."

"घर बदललं. जुन्या ब्लॉकमधून इकडे आलो."

"मग कार्ड बदला."

"कार्ड बदलायला काय लागतं?"

"नव्या घराचं लाइटबिल, तुमच्या नावाचं."

"लाइटबिल घरमालकाच्या नावाचं आहे."

"मग घरमालकाचं पत्र."

घरमालक महिनाभर लंडनला होते, उष्णता सहन होत नाही म्हणून. वानखडे काउंटरसमोर उभे राहिले. काचेपलीकडे तीन हातांवर त्यांचं पाकीट दिसत होतं, बिस्किटाच्या पुड्याएवढं. एवढ्याशा पुड्यावर आपली एकवीस वर्षं टांगली आहेत, हा विचार त्यांच्या मनात आला आणि एसीतही त्यांना घाम फुटला.

वर्कशॉपच्या स्टोअरमध्ये नजीब बसतो. राजापूरचा, वानखड्यांच्या आधी दोन वर्षं आलेला. बहारीनमध्ये त्यांना अरेतुरे करणारा तो एकटाच उरला होता. त्याला त्यांनी पार्सलची अडचण सांगितली, आणि सांगता सांगता पत्राचंही तोंडून गेलं.

नजीबने लगांचा डबा बाजूला ठेवला. "परीक्षा? तुझी? अरे, ह्या कंपनीत वीज आणलास तू!"

"हळू बोल."

"वहिनींना सांगितलास?"

"नाही."

"बायकोपासून लपवलास, पोरीपासून लपवलास, आणि त्या कुरियरवाल्यासमोर जाऊन रडलास. खलास! अरे, माझा कॉम्प्युटर ने."

"तुझ्याकडे कॉम्प्युटर आहे?"

"नाही. पण असता तर दिला असता." मग त्याने फोन उचलला. बहारीनमधल्या प्रत्येक काउंटरमागे नजीबच्या तालुक्यातला एक तरी माणूस असतो. या काउंटरमागे उबेद नावाचा होता. पाच मिनिटं नजीबने त्याच्या आईची तब्येत, बहिणीचं लग्न आणि यंदाचे आंबे यांची चौकशी केली. शेवटच्या दहा सेकंदांत पार्सलचं सांगितलं. "यल्ला, चल, जाऊन घे. कार्ड-बिड काही विचारायचा नाही तो." फोन खिशात टाकून तो म्हणाला, "आणि दशरथ, घरी सांग रे. हरलास तर एकट्याने हरशील."

वानखड्यांनी पार्सल आणलं. घरी मात्र सांगितलं नाही.

*

आता आली त्या कटरची शिक्षा. ॲडॉप्टरच्या चोवीस भोकांत घालायला चोवीस पिनांचा प्लग हवा, आणि तो तर कापून ठेवलेला. वानखड्यांनी तो प्लग डब्यातून काढला आणि सव्वीस तारखेच्या शुक्रवारी, सकाळपासून, एकेक वायर परत जोडायला घेतली.

या कामाबद्दल मात्र टिंगल करायची नाही. त्यांनी प्रत्येक वायरीला नंबराची पिवळी नळी घातली, टोकांना लग दाबले, टर्मिनलच्या पट्टीवर चोवीसच्या चोवीस स्क्रू एकाच ताकदीने पिळले, प्रत्येक जोड ओढून पाहिला, मीटरने तपासला. जहाजावरच्या पॅनलमध्येही इतकं देखणं काम क्वचित दिसतं. श्रावस्ती पाणी प्यायला आली आणि टॅब काखेत धरून थांबली.

"यू डिड दिस बाय हँड?"

"मग कशाने करतात?"

"इट्स काइंड ऑफ ब्यूटिफुल, बाबा."

सतरा नंबरचा स्क्रू वानखड्यांनी गरज नसताना पुन्हा एकदा पिळला.

सप्लाय पेटीत मावत नव्हताच. तो टेबलावरच पेटीशेजारी ठेवला. पट्टी बाहेर, वेणी बाहेर, ॲडॉप्टर बाहेर. बटण दाबलं. पंखा फिरला, पडदा उजळला, गिरणी सुरू झाली. अंजना स्वयंपाकघरातून म्हणाली, "झाला वाट्टे एकदाचा!" आणि तीन आठवड्यांत पहिल्यांदा वानखडे पोटभर जेवले.

*

शनिवारी पावणेचारला त्यांनी शर्ट इन केला आणि पडद्यावर सुटा वेबकॅम अडकवला. "ऑफिसची मीटिंग आहे, ऑनलाइन," एवढंच सांगून बायको-मुलीला आतल्या खोलीत बसवलं आणि दार लावून घेतलं.

चारला पडद्याच्या कोपऱ्यात एक चौकोन उघडला. जगाच्या कुठल्याशा कोपऱ्यात बसलेला निरीक्षक इंग्रजीत टाइप करत होता. कॅमेरा फिरवून खोली दाखवा. वानखड्यांनी भिंती दाखवल्या, छत दाखवलं, दार दाखवलं. आता टेबल दाखवा. त्यांनी टेबल दाखवलं.

चौकोन थोडा वेळ रिकामा राहिला. मग अक्षरं उमटली: टेबलावर उघडं वायरिंग असलेलं एक यंत्र दिसत आहे. सुरक्षेच्या नियमांनुसार परीक्षेच्या जागी ते चालत नाही. कृपया ते ताबडतोब बंद करा आणि बाजूला ठेवा. आपल्याकडे एक मिनिट आहे.

वानखडे एका बोटाने उत्तर टाइप करू लागले, की हे यंत्र याच कॉम्प्युटरचं आहे. 'इट इज पार्ट ऑफ' एवढं झालं होतं.

पण वर्कशॉपमध्ये एक नियम असतो. कुणीही, अगदी झाडूवालासुद्धा, 'उघडी वायर आहे, बंद कर' म्हणाला की आधी बंद करायचं, मग वाद घालायचा. उलट क्रमाने वागलेल्या एका माणसाचा जळलेला डावा हात वानखड्यांनी पाहिला होता. त्याला गावी पोचवायलाही तेच गेले होते. तेव्हापासून चाळीस वायरमनांना त्यांनी दुसरं काही शिकवलं असेल-नसेल, हे शिकवलं. एकवीस वर्षांत त्यांचा हात या बाबतीत डोक्याला विचारत बसला नव्हता. आताही बसला नाही. उजवं बोट 'ऑफ'च्या पुढचं अक्षर शोधत होतं, आणि डाव्या हाताने सप्लायच्या मागचं बटण खाली केलं.

पडदा काळा झाला. त्यात त्यांना शर्ट इन केलेला एक माणूस दिसला.

पुन्हा चालू करायला, पुन्हा आत शिरायला सहा मिनिटं लागली. तिथे एक ओळ वाट पाहत होती: उमेदवाराने स्वतःहून परीक्षा संपवली आहे. धन्यवाद.

दार उघडून अंजना आली. "झाली मीटिंग?"

वानखड्यांनी खिशातून पत्र काढून तिच्या हातात दिलं. घडीवर ते फाटायला आलं होतं. तिने ते उभ्यानेच वाचलं, मग खुर्चीत बसून पुन्हा वाचलं.

"कवाचं हाय हे?"

"चार तारखेचं."

"मंग? पेपर कसा गेला?"

"पेपर आलाच नाही. ते म्हणाले, उघडं वायरिंग आहे, बंद करा. मी बंद केलं."

"हेच? जे चालू पाह्यजे व्हतं तेच?"

"हो."

अंजनाने टेबलावरच्या पट्टीकडे पाहिलं, चोवीस पिवळ्या नळ्यांकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे. "म्हंजे नियमानं बरोबर केलं तुमी."

"अगदी बरोबर."

"म्हंजे नापास."

वानखड्यांनी मान हलवली. आतल्या खोलीतून श्रावस्ती कुणाशीतरी इंग्रजीत हसून बोलत होती. अंजनाने पत्राची घडी घातली, पदराने डोळे न पुसता नुसताच चेहरा पुसला, आणि आवाज खाली आणून विचारलं, "पोरीची बारावी होऊ देतीन का इथं?"

वानखड्यांनी तिच्या हातातून पत्र घेऊन पुन्हा खिशात ठेवलं. कॉम्प्युटर मात्र आता उत्तम चालत होता. पंखा फिरत होता, पडदा लख्ख होता, आणि चोवीसांतला एकही जोड ढिला नव्हता.